मस्कतचा फुकट फोन

परदेशातून घरी फोन करायचा आणि एक पैसाही द्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात वाईट काय होतं?

साल सत्त्याऐंशी. आमच्या डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कंपनीत आम्ही बॉयलरचे व्हॉल्व्ह बनवायचो. (आम्ही म्हणजे इतर लोक. मी रजिस्टरमध्ये लिहायचो.) मस्कतला जाणारा इंजिनिअर ऐन वेळी काविळीने आडवा झाला आणि ऑफिसात पासपोर्ट असलेला दुसरा माणूस निघालो मी. तो पासपोर्ट मी काढलेला रेशनकार्डावरची नावाची चूक दुरुस्त करायला. असो. पंधरा दिवसांसाठी माझी रवानगी ठरली.

प्रश्न फोनचा होता. कोपर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगीत फोन एकच, तळमजल्यावर अण्णांकडे. अण्णा रिटायर्ड हेडमास्तर. मस्कतहून तीन मिनिटं बोलायचं तर महिन्याची भाजी गेली समजायची. तेवढ्यात मला पी.पी. कॉलचा शोध लागला. ऑपरेटरला माणसाचं नाव सांगायचं; तो माणूस फोनवर आला तरच पैसे. नसला तर फुकट.

"म्हणजे बघ," मी रतनला, म्हणजे बायकोला, समजावलं, "मी 'दामाजी आहेत का?' असं विचारलं की समजायचं, सुखरूप पोचलो. 'कान्हा आहेत का?' विचारलं तर पोट बिघडलं. अण्णांनी नुसतं 'घरात नाहीत' म्हणायचं. आपल्या बिल्डिंगीत दामाजी नाही की कान्हा नाही. कॉल फुकट!"

"म्हणजे तुम्ही माझ्याशी बोलणारच नाही?"

"अगं, निरोप पोचल्याशी कारण!"

"मग जा की," रतन म्हणाली आणि माझी बॅग जरा जास्तच जोरात बंद केली.

माझी आई, कमळाबाई, तेव्हा पंचाहत्तरीची. तिला दमा. निघताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, तेव्हा माझे डोळे भरून आले. (बाहेर टॅक्सीचा मीटर पडलेला होता, हे दुसरं कारण.)

मस्कतला पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या ऑपरेटरकडून ऐटीत कॉल लावला. "मिस्टर दामाजी, प्लीज." मी 'नॉट ॲट होम' ऐकायला कान टवकारले. तर ऑपरेटर म्हणाला, "मिस्टर दामाजी ऑन द लाइन, सर."

म्हणजे पैसे चालू! पलीकडून खणखणीत आवाज आला, "हालो! मी दामाजी! कोन बोलतंय?"

"मी महिपत... दुसऱ्या मजल्यावरचा. तुम्ही कोण दामाजी? घरी कसं आहे?"

"काय सांगू शेठ! तुमची म्हातारी गेली!"

लाइनमध्ये खरखर.

"कधी?"

"सकाली. रातभर घरघर चालू होती. मंग एकदाच हुस्स केला आन् बंद परली."

"काहीच करता नाही आलं?"

"मी खोलून बघितली ना. आतमदी समदा जलून गेलेला. वय बी झालेला."

(पोस्टमॉर्टेमसुद्धा झालं!)

"आणि... रतन?"

"वैनी हंडा घेऊन खाली उभी हाय. समदी बिल्डिंग रडतेय. चौघं जन आलं का उचलताव."

लाइन तुटली.

परत फोन लावून नीट विचारावं, हे मनात आलं. खोटं कशाला बोलू? पण आधीच एका कॉलचे पैसे बसले होते, आणि दुःखात असलो तरी मी मीच होतो. रिसीव्हर ठेवला. गल्लीतल्या केरळी न्हाव्याकडे जाऊन डोकं, मिशी साफ केली. मग पदरचे पैसे घालून दुसऱ्या दिवसाचं विमान पकडलं. त्या तिकिटात पंधरा दिवस रोज दोनदा फोन झाले असते, हा हिशेब मला समुद्रावरून उडताना सुचला.

शीळफाट्याहून रिक्षाने घरी येईपर्यंत रडून माझा आवाज बसला होता. जिना चढलो, कडी वाजवली. दार आईने उघडलं.

ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. मग गंभीर होऊन तिने विचारलं, "कोण गेलं रे?"

मी तिला मिठी मारली. आता काय सांगू? "तू," म्हणालो.

पुढचं रतनकडून कळलं. बिल्डिंगीचा पाण्याचा पंप जळला होता. तो दुरुस्त करायला कोपर गावातला नवा मेकॅनिक आलेला, त्याचं नाव दामाजी. आणि कुठल्याही जुन्या पंपाला तो म्हातारीच म्हणतो. फोन वाजला तेव्हा तो अण्णांच्याच दारात हात पुसत होता.

"अण्णा, तुम्ही 'नाहीत' म्हणायचं होतं ना?" मी तक्रार केली.

"महिपतराव," अण्णा शांतपणे म्हणाले, "मनुष्य समोर उभा असताना तो नाही असं सांगणं मला जमलं नाही. चौतीस वर्षं मी हजेरी घेतली आहे."

रतन मात्र फणकारली. "मी हंडा घेऊन चार पावलांवर उभी होते. तुम्ही मेकॅनिकशी बोललात!"

आई खूश होती. मी तिच्यासाठी टक्कल करून विमानाने आलो, हे तिने शेजारच्या चार घरांत स्वतः जाऊन सांगितलं. संध्याकाळी चहा पिताना तिला काहीतरी सुचलं.

"मी गेले म्हणून कळल्यावर, परत एकदा फोन करून विचारावंसं नाही वाटलं तुला?"

"आई, कॉलला किती पडतात तुला कल्पना नाही."

आईने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग रतनला म्हणाली, "सूनबाई, हा पुन्हा बाहेरदेशी गेला आणि मी खरंच गेले, तर ह्याला साधं पोस्टकार्ड टाक. त्याला तेवढंच परवडेल."

"साधं पोस्टकार्ड मस्कतला चालत नाही," मी माहिती पुरवली, "एअरोग्राम लागतो."

तिने माझ्या तुळतुळीत डोक्यावर मारलेली टपली खाली अण्णांना ऐकू गेली म्हणतात.