खेदरावांची खोटी चावी

समोरच्याला न दुखावता नाही म्हणणं ही एक कला आहे, आणि ती आपल्याला पुरेपूर साधली आहे, याबद्दल खेदरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. विमा कंपनीच्या ज्या खात्यात ते बावीस वर्षं चिकटून होते, तिथं दुसरं कामच नव्हतं. लोकांचे अर्ज यायचे, वरच्या मजल्यावरून फुली मारून खाली यायचे, आणि खेदराव उत्तरं लिहायचे. ‘कळविण्यास खेद वाटतो की’ अशी सुरुवात, आणि पुढं दोन परिच्छेद असे गुळगुळीत, की वाचणाऱ्याला आपल्याला काहीतरी मिळालंय असंच वाटावं. एका गृहस्थांनी तर नकाराच्या पत्राला आभाराचं उत्तर पाठवलं होतं. ते खेदरावांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. त्यांचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नसे. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे खेदरावच म्हणायचे, आणि मनातून त्यांना ते आवडायचं.

अशा माणसावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक नकार कळवायचं काम सोपवलं. त्यांचे बाबा बाहेर चष्म्याच्या फ्रेमा बघत बसले होते. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, “डोळ्यांच्या नसा खराब झाल्यात. डावीकडचं त्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून त्यांच्या ते लक्षातही येत नाही. गाडी चालवणं आजपासून बंद.”

“तुम्ही सांगाल का त्यांना?” खेदरावांनी विचारलं.

“तुम्ही मुलगा आहात. तुम्ही सांगितलेलं बरं.”

आता बाबा म्हणजे कोण, तर चौतीस वर्षं बस चालवलेले ड्रायव्हर. एक अपघात नाही, एक ओरखडा नाही. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी चारचाकी घेतली होती, आणि खेदरावांची आई गेल्यापासून ते घरच्यांशी बोलत नसतील तेवढं त्या गाडीशी बोलायचे. रोज दहाच्या ठोक्याला गाडी काढायची, एक मोठी चक्कर मारायची, भाजी घेऊन परत यायचं. दिवस उगवायचा तो त्या चकरेसाठी. डॉक्टरांकडून घरी येतानाही गाडी बाबांनीच चालवली. शेजारी खेदराव मनात नकाराचा पहिला परिच्छेद जुळवत बसले होते. डाव्या अंगानं सायकलवरून चाललेल्या एक बाई इतक्या थोडक्यात वाचल्या, की खेदरावांनी डोळेच मिटून घेतले. बाबा शीळ घालत होते.

“सरळ सांगा,” घरी आल्यावर बायको म्हणाली. “बाबा, तुम्हाला दिसत नाही, आता गाडी चालवू नका. दोन वाक्यं तर आहेत.”

“तू यात पडू नकोस. मी असं करतो, की आपल्याला कुणी नाही म्हटलंय हे त्यांना कळणारसुद्धा नाही.”

बायकोनं कपाळाला हात लावला आणि ती आपल्या कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी खेदराव चौकातल्या चावीवाल्यापुढं उभे राहिले. “हिच्यासारखी दुसरी करा. पण चुकीची.”

“म्हणजे?”

“आत जायला हवी, फिरायला नको.”

चावीवाल्यानं कानस खाली ठेवली. “साहेब, चावी फिरत नाही म्हणून लोक माझ्याशी भांडायला येतात. मुद्दाम न फिरणारी मागणारे तुम्हीच पहिले.” पण धंदा तो धंदा. त्यानं नवी चावी कापली, दोन दात जादा घासले, आणि ती हातात देत सवयीनं म्हणाला, “फिरली तर परत आणा.”

खेदरावांनी ती चावी फरशीवर घासून जुनी केली, बाबांच्या कडीत अडकवली, दारामागच्या खिळ्याला टांगली, आणि खरी स्वतःच्या पाकिटात घातली. आता गाडीच नको म्हणेल. माणसानं वाईट दिसायचं कारणच नाही. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी एका विधवा बाईंना इतकं सुंदर नकाराचं पत्र लिहिलं, की टंकलेखक म्हणाला, आज तुमचा हात भलताच चाललाय.

इकडं दहाच्या ठोक्याला बाबा गाडीत बसले. चावी गेली, फिरेना. जुना ड्रायव्हर तेवढ्यानं हार मानणार थोडाच. स्टिअरिंग डावी-उजवीकडं हलवून बघितलं. चावी केसभर बाहेर ओढून फिरवली. पेन्सिलीचं शिसं घासलं. तेलाचे थेंब सोडले. इस्त्रीवाला आपली इस्त्री सोडून आला आणि त्यानं चावी गरम करून बघायचा सल्ला दिला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर गॅलरीतून म्हणाले, घाई करू नका, तिला तिचा वेळ द्या. बाबांनी तिला दुपारच्या जेवणापर्यंत वेळ दिला.

संध्याकाळी त्यांनी डेपोतल्या आपल्या जुन्या फिटरला फोन केला. हा फिटर नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस. त्यानं चावी हातात घेतली तर मिनिटाच्या आत भांडं फुटलं असतं. खेदरावांनी त्याला जिन्यातच गाठून सगळं सांगितलं आणि हात जोडले. फिटर विरघळला. त्यानं दोन स्क्रू काढले, आत बॅटरी मारून बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. “ड्रायव्हरसाहेब, कुलूप आतून झिजलंय. पार्ट मिळणं कठीण आहे. बघतो मी.”

बाबा रोज फोन करून पार्टची चौकशी करायचे आणि रोज फिटर पार्ट जिथून येणार असं एक नवीन गाव सांगायचा. असे दहा दिवस गेले. खेदराव खूश होते. काम फत्ते, आवाज नाही, अश्रू नाहीत.

मग रविवारी सकाळी बायकोची आई मोरीत घसरून पडली. बायको चप्पल घालत म्हणाली, “चावी द्या लवकर. फिरते का मी बघते, गाडी नेते.” आता तिला काय सांगणार? खेदरावांनी तिच्याकडं पाठ करून कडीत खरी चावी घातली आणि दिली. ती खाली उतरली, गाडीत बसली आणि एका झटक्यात निघून गेली. खेदरावांनी वर बघितलं, तर गॅलरीत बाबा उभे.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा बाबांनी विचारलं, “सूनबाई, चावी फिरली?”

“हो की. लगेच फिरली.”

खेदरावांचं डोकं त्या रात्री नको तितकं चाललं. आता बाबा उद्या दहाला गाडी काढणार म्हणून त्यांनी चावी पुन्हा बदलली. सकाळी बायको बॅग भरून रिक्षानं महिनाभरासाठी आईकडं गेली, आणि दहा वाजता बाबा खाली उतरले. चावी फिरली नाही. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. गाडीतच बसून त्यांनी फिटरला फोन लावला. तिची फिरते, माझी फिरत नाही, हे कसं, म्हणून विचारलं. बिचारा फिटर कोंडीत सापडला. जे सुचलं ते बोलून गेला.

“त्याचं काय असतं, ड्रायव्हरसाहेब, झिजलेल्या कुलपाला मनगटाचा झटका लागतो. वय झालं की तो झटका जातो. आपल्या सगळ्यांचाच जाणार आहे.”

झालं. गाडीत काही बिघाड नव्हता. बिघाड बाबांच्या हातात होता.

पहिले आठ दिवस ते रबरी चेंडू घेऊन बसले. दाबायचे, सोडायचे, मग खाली जाऊन चावी फिरवून बघायचे. नवव्या दिवशी चेंडू कपाटात गेला. मग त्यांनी एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. दाढीला न्हाव्याकडं जायला लागले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. नळ बंद करायचा असला तर खेदरावांना हाक. बिल्डिंगमधली घट्ट बसलेली झाकणं आजवर त्यांच्याकडं यायची. मास्तरांनी मधाची बरणी आणली, ती त्यांनी हातात घेतली आणि न उघडताच परत दिली. पान्ह्यांची पेटी त्यांनी फिटरला बोलावून देऊन टाकली. फिटर ती घेऊन जिना उतरताना खेदरावांकडं असं बघत गेला, की खेदरावांना चार दिवस जेवण गेलं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी हात दाबून, वळवून बघितला आणि ठणठणीत म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, “भला माणूस आहे. तोंडावर बोलवत नसणार त्याला.”

आता तरी सांगायचं ना? पण खेदराव पडले खेदराव. त्यांनी ऑफिसात बसून चार मसुदे केले. एकाची सुरुवात ‘आपल्या उजव्या हाताच्या संदर्भात’ अशी होती. चारही फाडले. गाडी तर बंद झाली ना, असं स्वतःला समजावत ते आणखी दोन आठवडे गप्प बसले.

एका शनिवारी ते दुपारी तीनला घरी आले. बाबा दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसले होते. शेजारी भाजीची पिशवी.

“बाबा, बाहेर का बसलात? कधीपासून?”

“आत्ताच. दहा मिनिटं झाली असतील.”

पिशवीतली पालेभाजी पार माना टाकून पडली होती.

“घराची चावी विसरलात का?”

“नाही, आहे की.” बाबांनी खिशातून चावी काढून दाखवली.

“मग?”

“फिरली नसती रे. उगाच कशाला लावून बघायची? तू येशीलच म्हटलं.”

खेदराव त्यांच्या खालच्या पायरीवर मटकन बसले. चाळीस दिवसांत न सुटलेली गाठ तोंडातून सुटली. “बाबा, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. गाडीची चावी खोटी आहे. मी करून घेतली. फिटरला मीच खोटं बोलायला लावलं.”

बाबांना आधी काही उमगलंच नाही. मग ते उठले, दाराच्या कुलपात चावी घातली आणि फिरवली. दार उघडलं. त्यांनी ते लावून घेतलं आणि पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदाही उघडलं. मग आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून ते हसले. इतके दिवस ते हसले नव्हते हे खेदरावांना तेव्हा कळलं, आणि स्वतःचीच शरम वाटली.

“पण का?” बाबांनी विचारलं.

“बाबा, तुमच्या तब्येतीचा सर्व बाजूंनी विचार करता…”

“सरळ बोल.”

“तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय.”

“मला? मला सगळं दिसतं.”

“त्या दिवशी डॉक्टरांकडून येताना सायकलवाल्या बाई थोडक्यात वाचल्या, बाबा. तुमच्या आरशाला त्यांचा पदर घासून गेला.”

“कुठल्या बाई?” बाबा म्हणाले.

बाबांनी खूप आठवून बघितलं. मग ते पुन्हा पायरीवर बसले. आवाज खाली आला होता. “ऑफिसात दिवसाला किती जणांना नाही म्हणतोस?”

“चाळीसेक.”

“आणि मला सांगायला चाळीस दिवस?”

“ते समोर नसतात, बाबा.”

बाबांनी हात पुढं केला. “खरी चावी दे.”

आता आणखी काही लपवायचं त्राण खेदरावांत नव्हतं. त्यांनी पाकिटातून चावी काढून दिली आणि मागोमाग खाली उतरले. बाबा गाडीत बसले, पट्टा लावला, चावी घातली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. खेदराव त्यांच्या खिडकीशी उभे होते. क्षणभर थांबून ते मागच्या बाजूनं वळसा घालून गेले, पलीकडचं दार हळूच उघडून शेजारी बसले, आणि हात हँडब्रेकजवळ ठेवला. जायचंच असेल तर दोघं जाऊ, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण बाबांनी गियर टाकला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोरच्या भिंतीकडं बघत इंजिन ऐकत राहिले. पाचेक मिनिटांनी ते उजवीकडच्या उघड्या खिडकीकडं बघून बोलायला लागले. “शेवटची फेरी झाली की गाडी ज्याची त्यानं बंद करायची असते. तू मला ती करू द्यायला हवी होतीस.”

त्यांनी चावी उलटी फिरवली. गाडी गप्प झाली. चावी काढून त्यांनी खिडकीबाहेर धरली.

“घे.”

घ्यायला तिथं कुणी नव्हतं. बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून इकडंतिकडं बघितलं.

“अरे, कुठं गेलास?”

“इथंच आहे, बाबा. तुमच्या शेजारी.”

बाबांनी मान वळवायला सुरुवात केली. ती वळवावी तितकी थोडीच पडत होती. पार खांद्यापर्यंत वळली तेव्हा त्यांना मुलगा दिसला.

“कधी आलास?”

“मघाशीच.”

बाबा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चावी त्याच्या हातात ठेवली.

“बरं केलंस, सांगितलंस,” ते म्हणाले.