सहीयंत्राच्या उपवासाची बखर

श्रीजगदंबेचे चरणी अक्षता वाहून, उमरखेडप्रांती सहीयंत्राचा जो प्रसंग गुदरला, तो जैसा जाहला तैसा लिहिला असे.

शके अठराशे चौऱ्याऐंशी, आश्विन शुद्ध नवमी. राजश्री अखंडितलक्ष्मीअलंकृत वामनराव आमदार यांणी मुंबईहून सही करणारे यंत्र आणविले होते. त्याचा लोखंडी हात टाक धरून साहेबांची सही हुबेहूब उठवी, आणि तेव्हांपासून साहेबांचा खासा हात पानसुपारी व हारतुरे यांखेरीज कोणे मोहिमेस गेला नाही. मग खंडेनवमीस मातोश्री मैनाबाई, नवरात्राच्या उपवासी, यांणी विळे, कुऱ्हाड, शिवणयंत्र पाटावर मांडिले, आणि सहीयंत्रही शेजारी बसवून, हळदकुंकू वाहून, दोरा गुंडाळून हुकूम फर्माविला जे, पुजिले हत्यार दसऱ्यापर्यंत हालवू नये.

ऐशांत तांड्याची हंसाबाई कागद घेऊन दाखल जाहली. तांड्याचे विहिरीस काळा पत्थर लागला, आणि सुरुंगवाले सांजेस दुसरे तालुकियास कूच करणार, आणि आमदारांचे सहीवांचून सुरुंग न लावणार. सही न होती तर बायकांचे कपाळी वर्षभर दूरच्या नाल्याचे पाणी होते.

हंसाबाईने मातोश्रींस अर्ज केला, "याडी, माय माझे, यंत्राले उपास हाय. सायबाले तं नाही न?"

"त्याले कायचा उपास! सकाळपासून खाऊनच राह्यला. वामन, कर सही!"

मग वामनराव टाक घेऊन रणांत उतरले, आणि पहिले वळण साधले, आणि दुसरे भरकटले. कारकून बापूजी यांणी चष्मा पुसून रुजुवात पाहिली. "सायेब, हे तं झुरळ शाईतून पळाल्यावानी दिसून राह्यलं." पुनः हल्ला केला, पुनः शिकस्त. बाहेर सुरुंगवाल्यांचे ट्रकाने भोंगा दिला.

हंसाबाई बोलली, "लाजू नका, सायेब. मीबी पोळ्यापर्यंत अंगठाच लावत होती. आता वर्गात सही शिकली. लावा तुमी अंगठा, खाली दस्तूर, म्हंजे साक्षीची सही, मी करते."

बापूजींनी कायदा आठवून मान डोलाविली. मातोश्रींनी देवीपुढील ओले कुंकू पुढे केले आणि बजाविले, "बुडव."

सांजेस सुरुंग उडाला, पत्थर फुटला, पाणी लागले, फत्ते जाहली. कागदी नोंद ऐसी: निशाणी डावा अंगठा, वामनराव आमदार. दस्तूर हंसाबाई, स्वहस्ते.