भोईर गुरुजींची खात्री

सापगावच्या शाळेत माझ्याबरोबर असलेले भोईर गुरुजी ऐकीव गोष्टीवर कधी विश्वास ठेवत नसत. कुणी काही सांगितलं की प्रश्न ठरलेला, "तुमी सोता बघितलंत का?" तपासणीला साहेब आल्याचं शिपायाने सांगितलं, तरी हे आधी फाटकापर्यंत जाऊन बघून येत. तोवर साहेब यांच्याच वर्गात बसलेले असत.

एकदा मुरबाडचा नातेवाईक गेल्याचा निरोप आला. घरात रडारड सुरू झाली. गुरुजी एसटीने मुरबाडला गेले, तर मयत ओट्यावर चहा पीत बसलेलं. गेला होता तो त्याच नावाचा शेजारी. तेव्हापासून गुरुजींना आवरणं अशक्य झालं.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, आम्ही शिक्षक अलिबागचा किल्ला बघायला गेलो. ओहोटीला चालत जाता येतं, पण भरतीच्या आत परता, असं किनाऱ्यावरच्या कोळ्याने बजावलं. त्याला गुरुजींनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही, याचंच मला नवल वाटलं.

किल्ल्यात शिरताच गुरुजी दिसेनासे झाले. परतायची वेळ झाली, बाहेर पाणी चढू लागलं, तरी यांचा पत्ता नाही. आम्ही बुरुज पालथे घातले. माझ्या मनात नको नको ते येऊ लागलं. शेवटी ते विहिरीपाशी सापडले. पोहऱ्यातलं पाणी ओंजळीने पीत होते आणि डोळे भरले होते. रागवायलाही वेळ नव्हता. मांडीभर पाण्यातून एकमेकांना धरून किनाऱ्याला लागलो, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

धोतर पिळता पिळता त्यांनी कारण सांगितलं. खाऱ्या समुद्रातल्या या किल्ल्यात गोड पाणी आहे, असं ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. एकदा ठकी नावाच्या मुलीने विचारलं, तुम्ही ते प्यायलात का? भर वर्गात ते हो म्हणून गेले. तोवर त्यांनी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. ठकी पुढे लग्न होऊन उंबरमाळीला गेली, आणि खोटं तसंच राहिलं.

"पोर किती विश्वासाने बघत व्हती माझ्याकडं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन उंबरमाळीला गेले. ठकीच्या कडेवर तिची मुलगी होती. गुरुजींनी अंगणात उभ्यानेच सगळं कबूल केलं.

ठकी पदराआड हसली. "मला तवाच कललं व्हतं, गुरुजी. तुमचं कान लाल झालं व्हतं. म्हनून तर परत नाय विचारलं."

गुरुजी मटकन ओट्यावर बसले. मग तिच्या मुलीला जवळ घेऊन, हिला शाळेत कधी घालणार, ते विचारू लागले.