आदर्श श्रमिक, गादी विभाग

ज्याच्या कष्टांवर देश उभा आहे त्याला वर्षातून एक दिवस सुट्टी द्यावी, हे न्यायाला धरूनच आहे. आणि त्याने त्या दिवशी कामावर यावं हेही उघड आहे, नाहीतर देश खाली बसेल.

अमेरिकेत हा श्रमिक दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो. कायद्यावर सही झाली १८९४च्या जूनअखेरीस, आणि आठवड्याच्या आत रेल्वेच्या संपकऱ्यांवर लष्कर धाडण्यात आलं (शाई वाळायला तेवढा वेळ लागतोच). या दिवशी घरामागे मांस भाजतात. दुसऱ्या दिवसापासून पांढरे कपडे घालत नाहीत (ज्यांचे तोवर पांढरे राहिलेले असतात, ते). आणि त्या दिवशी गाद्यांवर मोठी सूट असते, म्हणून गादी विकत घेतात. श्रमाचा आणि गादीचा काय संबंध, असं विचारणाऱ्याने गादी कधी उचललेली नसते.

वर्ना स्टॅखोव्हिआकने उचलली होती. ओहायोतल्या मिलर्स बेंड गावी ती एका दुकानात गाद्या विकायची. वय एकसष्ट, गुडघ्यांचं जरा जास्त. सलग अठरा श्रमिक दिन तिने दुकानात उभ्याने साजरे केले होते. त्या वर्षी मात्र तिला तो सोमवार हवा होता. धाकटी बहीण बर्नाडेट इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. दोघींची सुट्टी सात वर्षांत एकदाही जुळली नव्हती. आता बर्नाडेट निवृत्त झाली होती आणि मंगळवारी लेकीकडे ॲरिझोनाला कायमची निघाली होती. सोमवारी तळ्यावर जायचं, बटाट्याचं सॅलड खायचं आणि दिवसभर कोणाहीबद्दल वाईट बोलायचं, असा बेत होता.

वर्ना व्यवस्थापकाकडे गेली. किप लुंडग्रेन हा तिच्याहून तीस वर्षांनी लहान, सुस्वभावी गृहस्थ.

“सोमवारी रजा? अहो वर्ना, सोमवारी तर सुट्टी आहे!”

“म्हणूनच मागतेय.”

“म्हणूनच जमणार नाही.”

त्याच आठवड्यात गावच्या श्रमिक दिन समितीने (एक दंतवैद्य, दोन घरविक्रेते, एक निवृत्त न्यायाधीश, श्रमिक एकही नाही, कारण बैठक कामाच्या वेळात असते) वर्नाला ‘आदर्श श्रमिक’ घोषित केलं. सत्कार सोमवारी अकराला, बागेत. वर्नाला आशा वाटली. तिने दंतवैद्य एम्स यांना फोन केला.

“डॉक्टर, तुम्ही किपला एक शब्द टाका ना. सत्काराला मला सुट्टी लागेल.”

“सुट्टी?” डॉक्टर हळहळले. “बाई, तुमची निवड एकही श्रमिक दिन न चुकवल्याबद्दल झालीय. बागेत आलात की अपात्र ठरता हो!”

समितीने मग मोठ्या मनाने सत्कारच दुकानात आणला. सोमवारी अकराला बँड गाद्यांच्या मधून वाट काढत आला. न्यायाधीशांनी श्रमाच्या प्रतिष्ठेवर चाळीस मिनिटं भाषण केलं (बसून, वर्ना उभी होती). तिला लाकडी पाटी मिळाली. टाळ्या संपताच एका बाईंनी विचारलं, “यातली पाठदुखीला कुठली चांगली?”

दुपारी बर्नाडेट डबा घेऊन दुकानातच आली. बहिणीकडे पाहून म्हणाली, “अगं, काय ही दशा! बस आधी.”

“बसायला मनाई आहे.”

“आणि आडवं व्हायला?”

वर्ना विचारात पडली. नियमावलीत आडवं होण्याबद्दल अक्षर नव्हतं. काचेलगतच्या मोठ्या गादीवर दोघी बूट काढून पडल्या, मधे सॅलडचा डबा ठेवला, आणि न्यायाधीशांपासून सुरुवात केली. बर्नाडेट हसता हसता रडायला लागली. “तळं राहिलंच गं,” ती म्हणाली. वर्नाने तिचा हात धरला. थोड्या वेळाने दोघींना झोप लागली.

किप धावत आला तो तिला काढून टाकायलाच. पण काचेबाहेर गर्दी जमली होती. तशी गाढ झोप गावात कोणी पाहिलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत त्या जातीची एकही गादी उरली नाही.

मंगळवारी बर्नाडेट गेली. बुधवारी किपने वर्नाचं मनापासून अभिनंदन केलं आणि नियमावलीत कलम घातलं. आता दर श्रमिक दिनी नऊ ते सहा वर्नाने काचेत झोपायचं असतं. कूस दर वीस मिनिटांनी बदलायची. डोळे उघडल्यास ती गैरहजेरी. समितीने हा सोहळा अधिकृत कार्यक्रमात घेतला आहे. लोक सहकुटुंब येतात, मुलांना खांद्यावर घेऊन दाखवतात, आणि काचेपलीकडून वर्नाला त्यांचं बोलणं ऐकू येतं: “मजा आहे बुवा या कामगारांची!”

आपल्याकडे असलं काही नाही. आपला कामगार दिन एक मेला असतो आणि तो आपण मनापासून पाळतो. गेल्या एक मेला आपण सहकुटुंब हॉटेलात जेवायला गेलात, तेव्हा ताट यायला दहा मिनिटं उशीर झाला होता. वेटरला आपण काय म्हणालात, ते आठवतंय ना?