बाळगोंडा घोसरवाडे यांचा वन्समोअर

सगळा दोष आप्पांचा. बाळगोंडा घोसरवाडे ऊर्फ आप्पा यांनी १९८३ साली कुरुंदवाडच्या वसंतविजय नाट्यगृहात विश्वनाथबुवा हेरवाडकरांच्या एका पदाला वन्समोअर दिला आणि तो मागं घेतला नाही, म्हणून बुवा सव्वीस वर्षं तेच पद गात होते.

गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. तबलजी एकटा वाजवायचा तेवढ्या आवर्तनांत बुवांचं जेवण उरकायचं. निवडणुकीला मतपेटी त्यांच्यासाठी रंगमंचावर यायची. साथीचा हार्मोनियमवाला आता तिसरा होता, आधीचे दोघे थकून गेले होते. सत्कार, संमेलनं, बाकी सगळं रंगमंचाच्या उजव्या अर्ध्यात, खडूच्या रेघेपलीकडे.

अडचण आली ती आप्पांच्याच पोराची, श्रेणिकची. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून तो आप्पांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसला होता. पुण्याची एक नाटक कंपनी शंभर वर्षांपूर्वीचं एक विलायती संगीत प्रहसन मराठीत बसवत होती. त्यातल्या वेटरच्या भूमिकेची ऑडिशन रविवारी वसंतविजयमध्ये होती. निवड झाली तर दोन वर्षांचा दौरा. म्हणजे दोन वर्षं तार नाही आणि आप्पांचं तोंडही नाही.

वेटरला छत्रीचं गाणं होतं. चौतीस ओळी, श्वास घ्यायला जागा दोनच, आणि सोबत बुटांचा ताल. श्रेणिकनं जुन्या बुटांच्या तळाला सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं ठोकली आणि चार महिने पाण्याच्या टाकीखालच्या फरशीवर पाय आपटले. गाणं बसलं. पण रंगमंचावर दोनदा म्हणून पाहिलं, तर दोन्ही वेळा रेघेपलीकडून बुवांची तान आली आणि अकराव्या ओळीला त्याचा पाय चुकला.

"ज्यानं वन्समोअर दिला त्यानंच समक्ष येऊन 'पुरे' म्हणायचं," नाट्यगृहाचे व्यवस्थापक माणगावे म्हणाले. "मग नमुना सातवर सही. आणि एका माणसाला जन्मात एकदाच मागं घेता येतो. विचार करून या म्हणावं."

श्रेणिकनं घरी सांगितलं तेव्हा आप्पा जेवत होते.

"दिलेली दाद परत घ्यायची? लोक काय म्हणतील?"

"लोक सव्वीस वर्षं तेच पद ऐकतायत. ते काय म्हणतात ते विचारा की एकदा."

"तसा गळा पुन्हा होणे नाही."

"तुम्ही शेवटचं कधी गेला होता ऐकायला?"

आप्पांनी भातावर ताक ओतून घेतलं. "शहाऐंशी साली."

"म्हणजे माणूस उभा करून ठेवला आणि घरी येऊन झोपलात."

"कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये."

"जन्मात एकदाच कुणाला चांगलं म्हणालात, तेही परक्याला. मला पहिलीपासून आजवर नुसतं 'बरं' सुद्धा नाही. नका म्हणू. रविवारी तेवढं 'पुरे' म्हणा. नाहीतर सोमवारपासून दुकानात तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही."

"आत्ता तरी काय बोलताय दोघं," आई आमटीची वाटी ठेवत म्हणाली.

आमटीची वाटी रिकामी झाली. मग आप्पांनी विचारलं, "किती वाजता आहे?"

रविवारी ते कोट घालून आले आणि तिसऱ्या रांगेत, आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. बुवांनी त्यांना ओळखलं. गाता गाता मान लववली. पुण्याहून आलेल्या दिग्दर्शिका मृदुला देशिंगकर घड्याळ बघत होत्या. आप्पा मान डोलवू लागले तसा श्रेणिक दोन पावलं पुढं आला. म्हातारा आणखी एक देतोय की काय.

"पुरे," आप्पा म्हणाले.

बुवा तानेच्या मध्यावर थांबले. पाणी प्यायले. "हेरवाडची साडेदहाची एसटी अजून आहे?" त्यांनी माणगावेंना विचारलं. आहे म्हटल्यावर शाल घेऊन निघून गेले. आप्पांनी सही केली.

नाट्यगृहात सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच शांतता होती. श्रेणिकला ती टोचली, पण अकरावी ओळ गेली, बाविसावी गेली, दोन्ही श्वास जिथल्या तिथे पडले. चौतिसाव्या ओळीला छत्री उघडली आणि बुचं एकदा शेवटची वाजली.

मृदुलाबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "पूर्ण नाव सांगा."

श्रेणिकनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून, त्यानं आजवर कधीच न ऐकलेल्या मऊ आवाजात, आप्पा बोलले. त्यांचे डोळे भरले होते.

"वन्समोअर."

श्रेणिकनं छत्री मिटली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"हे किती वेळ चालेल?" मृदुलाबाईंनी विचारलं.

"मागं घेईपर्यंत," माणगावे म्हणाले. "पण यांची एक वेळ मघाशीच वापरून झाली."

"मला कुठं ध्यानात होतं," आप्पा म्हणाले. "पोरगं इतकं चांगलं करेल असं वाटलं नव्हतं."

मृदुलाबाई चार वाजेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी जयसिंगपूरचा एक मुलगा घेतला. माणगावेंनी खडूची रेघ पुसून नव्यानं मारली, कारण आता सत्कार-संमेलनांना बुवांचा डावा अर्धा मोकळा होता.

या खेपेला आप्पा दुकान बंद करून रोज येतात. तिसऱ्या रांगेत बसतात, शेजारच्याला सांगतात, माझा मुलगा आहे.

श्रेणिकचा त्यात दौरा गेला, पुणं गेलं, आणि नवव्या वर्षी डावा गुडघा.