पुलावरून दिसलेलं जहाज

मिलर्डने ट्रेलर ट्रकला जोडला, साखळ्या अडकवल्या, मागचे दिवे लागतात का ते पाहिलं, आणि मग तेच सगळं पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा ट्रकच्या खिडकीतून त्याच्या सासूबाई यूडोरा म्हणाल्या, "मिलर्ड, दिवे मघाशीही लागत होते आणि आत्ताही लागतायत. लग्नाला जायचंय ना आपल्याला?"

लग्न मिलर्डच्या एकुलत्या एका मुलीचं, कॅरिनचं होतं. उद्या सकाळी, पाण्यापलीकडे, नवऱ्यामुलाच्या गावात. आणि पलीकडे जायचं म्हणजे दोन सरोवरांच्या मधला, आठ किलोमीटर लांबीचा मॅकिनॉचा पूल ओलांडायचा.

घर विकून मिलर्ड, त्याची बायको ग्लेंडा आणि सासूबाई ट्रेलरमध्ये राहायला लागले, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. सरोवरांच्या काठाकाठाने फिरायचं, आवडेल तिथे मुक्काम टाकायचा, कंटाळा आला की पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून पुढचा काठ गाठायचा. मिलर्डने जन्मभर शाळेची बस चालवली होती. बर्फ, धुकं, मागच्या बाकावरची मारामारी, कशानेही त्याचं स्टीअरिंग हललं नव्हतं. फक्त तो पूल लांबून दिसला तरी त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. खाली अथांग पाणी, वर वारा, आणि मधल्या लेनमध्ये तर डांबराऐवजी नुसती पोलादी जाळी. चाकांखाली लाटा दिसायच्या म्हणे.

हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. पूल टाळायला त्याच्याकडे कारणं भरपूर होती. आज वारा आहे, आज रंगकाम चालू आहे, पलीकडचे मासे बेचव असतात. एकदा पलीकडच्या धबधब्याला जायचं ठरलं, तेव्हा तर त्याने शिकागोवरून अख्ख्या सरोवराला वळसा घातला होता. नवल म्हणजे ग्लेंडा कधी हरकत घ्यायची नाही. "बरं, शिकागोवरून जाऊ," म्हणायची आणि सँडविच बांधायला घ्यायची. एरवी कपबशा कोणी विसळायच्या यावर तासभर भांडणारी बाई!

या वेळीही वळसाच घालायचा होता. पण ट्रकचा पाण्याचा पंप गेला, नवा पंप यायला आठवडा लागला आणि लग्न उद्यावर आलं.

ज्यांना पुलाची भीती वाटते, त्यांची गाडी पुलाचाच माणूस पलीकडे नेऊन देतो. नुसता फोन करायचा. त्या भागात याचं कोणाला काही वाटत नाही. मिलर्ड मात्र अशा लोकांची मनसोक्त थट्टा करत आला होता. होणाऱ्या व्याह्यांना, आर्वोंना, अजून तो भेटला नव्हता. पण फोनवर महिनाभर त्यांना ऐकवत होता, "पुलाचं काय घेऊन बसलात आर्वो! मी एका हातात कॉफी धरून नेतो ट्रेलर." आर्वो नुसते हसायचे. ते पुलावर कामाला आहेत असं कॅरिन म्हणाली होती. रंगारी असतील, असं मिलर्डने धरलं होतं.

आणि आज सकाळी मुक्कामावरच्या न्हाणीघरात, नळ सोडून, त्याने हळूच पुलाच्या ऑफिसला फोन केला होता.

पुलाअलीकडच्या मोकळ्या जागेत त्याने ट्रक थांबवला.

"का थांबलास?" ग्लेंडाने विचारलं. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

"नवा नियम आलाय. एवढा लांब ट्रेलर असेल तर त्यांचाच माणूस चालवतो."

"अगं बाई, नियम आहे होय!" ग्लेंडा चटकन म्हणाली. "मग नियम पाळायलाच हवा."

तेवढ्यात त्यांच्या दीडपट लांबीचा एक ट्रेलर शेजारून पुलाकडे गेला. चालवणारी बाई एका हाताने खिमा भरलेली पेस्टी खात होती.

"तिला नाही का नियम?" यूडोराबाईंनी विचारलं.

मिलर्डने उगाच आरसा सरळ केला. "लांबीचं नाही हो तसं. वजनाचं आहे. आपल्या ट्रेलरचं वजन मागे फार झालंय."

"मागे? मागे तर माझ्या जामच्या बरण्या आहेत."

"तेच ना."

यूडोराबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. उन्हाळाभर काट्याकुट्यांतून फिरून त्यांनी जामसाठी थिंबलबेरी नावाची रानफळं वेचली होती. लग्नाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात एकेक बरणी द्यायची, हे त्यांनी नातीला वचन दिलं होतं.

"म्हणजे माझ्या जामने हा पूल पडणार?"

"आई, तसं नाही म्हटलं मी..."

"उतरव. आत्ताच्या आत्ता सगळी खोकी उतरव. तो माणूस येऊन बघू दे. जड काय आहे, माझा जाम की तुझं डोकं!"

मिलर्डने खोकी उतरवली. ट्रेलरच्या मागे, कठड्याला लागून, बरण्यांची भिंत उभी राहिली. वाऱ्याने एका खोक्याचं झाकण उडालं, त्याच्यामागे मिलर्ड पळाला, आणि झाकण ज्या बुटांपाशी थांबलं ते बूट पिवळं जाकीट घातलेल्या एका उंच म्हाताऱ्याचे होते.

"पुलाचा माणूस तुम्हीच मागवला होता ना?" म्हातारा म्हणाला.

तो आवाज मिलर्डच्या ओळखीचा होता. महिनाभर फोनवर हाच आवाज हसत होता.

"आर्वो?"

"मिलर्ड! वाटलंच मला." आर्वोंनी त्याचा हात हातात घेतला. "आणि कॉफी कुठाय?"

धरणीने आत्ता पोटात घेतलं तर बरं, असं मिलर्डला झालं. तोवर ग्लेंडा येऊन पोचली होती. तिचाही चेहरा पांढराफटक पडला होता. मिलर्ड पुटपुटला, "आर्वो, तो तुमचा नियम... वजनाचा..."

आर्वोंनी त्याच्याकडे पाहिलं, मग ग्लेंडाकडे, मग बरण्यांच्या भिंतीकडे. चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते म्हणाले, "हो, आहे ना नियम. फार कडक आहे. मीच चालवतो. तुम्ही दोघं मागे बसा. आजी, तुम्ही पुढे या."

"आणि माझा जाम?" यूडोराबाईंनी विचारलं.

"जामला हरकत नाही, आजी."

"ऐकलंस?" जावयावर एक नजर टाकून त्या ट्रकमध्ये चढल्या. "बरण्या आत ठेव आता."

"हो, हो," मिलर्ड म्हणाला. पण त्याचे कान पुलावरून येणाऱ्या घोंघाटाने भरले होते. त्याला वाटलं, ग्लेंडा ठेवेल. ग्लेंडाला वाटलं, तो ठेवतोय. दोघंही मागच्या सीटवर जाऊन बसले आणि दोघांनीही पट्टे लागलेत का ते दोनदा ओढून पाहिलं.

ट्रक पुलावर चढला. मिलर्डने ग्लेंडाचा हात धरला. "घाबरू नकोस," तो म्हणाला आणि त्याने डोळे घट्ट मिटले.

"मी कशाला घाबरू? तू आहेस ना," ग्लेंडा म्हणाली.

आर्वोंनी आरशात पाहिलं आणि ओठ दाबून धरले. काल संध्याकाळी त्यांना ग्लेंडाचा फोन आला होता. "आर्वो, तुम्हीच या हो. मिलर्डला काहीतरी थाप मारा, पण आम्हाला पलीकडे न्या. पुलाच्या नावाने माझे हातपाय गार पडतात. दोन वर्षं तो आपणहून वळसे घेतो म्हणून निभावलं. त्याला कळलं तर जन्मभर हसेल मला. एवढा धीट ड्रायव्हर तो!" आरशात दिसत होतं, ग्लेंडाचे डोळेही मिटलेले होते. दोघांच्या बोटांची गाठ अशी बसली होती की नखं पांढरी झाली होती.

पुढे यूडोराबाईंनी मात्र काच खाली केली होती. वाऱ्याने त्यांचे केस उभे राहिले होते. "अहाहा! आर्वो, जरा हळू न्या हो. पुन्हा कधी यायला मिळणार?"

"जरा भरभर, आर्वो," मागून मिलर्ड म्हणाला. "आईंना वारा बाधतो."

पलीकडे उतरल्यावर ट्रक थांबला. मिलर्डने एक डोळा उघडला, खाली माती पाहिली, मग दुसरा उघडला. छाती फुगवून तो म्हणाला, "काय देखावा होता!"

"डोळ्यांचं पारणं फिटलं बाई," ग्लेंडा म्हणाली.

यूडोराबाई सावकाश मागे वळल्या. "आणि मधोमध ते जहाज गेलं ना खालून, केवढं मोठं! कुठला गं रंग होता त्याचा?"

"लाल," मिलर्ड म्हणाला.

"लालच," ग्लेंडा म्हणाली.

"हं," यूडोराबाई म्हणाल्या. "आर्वोंना पहिली बरणी द्या. त्यांनी बिचाऱ्यांनी एवढं वजन पेललं."

मिलर्ड उत्साहाने उतरला आणि त्याने ट्रेलरचं दार उघडलं. आत जमीन स्वच्छ होती. एकही खोकं नव्हतं.

"ग्लेंडा, तू ठेवलीस ना?"

"मी? आईने तुला सांगितलं होतं!"

चौघांनी पुलाकडे पाहिलं. लांब, पार पलीकडच्या काठावर, कठड्याला लागून काहीतरी बारीकसं चमकत होतं. निदान मिलर्डला तसं वाटलं. उद्या सकाळी लग्न होतं.

मिलर्डने घसा खाकरला. ग्लेंडाने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

"सोडा तो ट्रेलर इथेच," यूडोराबाई म्हणाल्या. आर्वोंनी मुकाट्याने साखळ्या काढल्या. यूडोराबाई पुन्हा पुढच्या सीटवर चढून बसल्या, पट्टा लावला, काच पुन्हा खाली केली आणि बाहेर डोकं काढलं.

"तुम्ही दोघं इथेच बसा. आणि ते लाल जहाज परत आलं तर मला नक्की सांगा. मला काही ते दिसलं नव्हतं."

ट्रक निघून गेला. ट्रेलरच्या पायरीवर मिलर्ड आणि ग्लेंडा शेजारी शेजारी बसले. मग दोघांनी हळूच मान वळवून एकमेकांकडे पाहिलं.