सर्व साहित्यावर हरकती

चौतीस वर्षांच्या नोकरीत प्रसेनजित बनसोडे यांच्या हातून एकही कागद हरवला नव्हता. मागितल्यावर सापडलाही क्वचितच होता, पण तो भाग वेगळा. धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत ते जुन्या कागदांची खोली सांभाळायचे, आणि त्या खोलीत गेलेला कागद सुखरूप असतो, एवढी हमी त्यांनी प्रत्येक साहेबाला दिली होती. गावी, येडशीत, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. निवृत्तीनंतरही म्हणत, कारण दुसरं काय म्हणावं हे कुणाला सुचलं नव्हतं.

निरोपाच्या दिवशी कचेरीनं त्यांना शाल, नारळ आणि एक सागवानी टेबल दिलं. शाल आणि नारळ घरात गेले. टेबल अंगणात राहिलं. घरात त्याला जागा नव्हती, कारण मागची खोली पौर्णिमाबाईंकडं होती.

पौर्णिमाबाई म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. त्या तोरणं करायच्या, नारळ नटवायच्या, लोकरीच्या बाहुल्या विणायच्या, आइसक्रीमच्या काड्यांचं विहार उभं करायच्या. ढोकीपासून धाराशिवपर्यंत कुठल्याही लग्नात रुखवताच्या टेबलावर मण्यांचा मोर दिसला, की तो येडशीचा हे न विचारता कळायचं. या सगळ्यासाठी लागणारं सामान मागच्या खोलीत होतं. न लागणारंही तिथंच होतं. पत्र्याच्या सहा पेट्या, धान्याची कोठी, नऊ डबे आणि एक बंद पडलेला फ्रिज. फ्रिजमध्ये लोकर. भाजीच्या कप्प्यात मोती. बर्फाच्या साच्यात टिकल्या, एका घरात एक रंग. वर छतापर्यंत थर्माकोल, जुन्या लग्नपत्रिका, जरीचे काठ, फुटक्या बांगड्या, चिंचोके, करवंट्या. त्यांची मुलगी श्रावस्ती लहानपणी लपाछपी खेळताना एकदा त्या खोलीत शिरली होती. ती शेवटी भूक लागल्यावर, आवाजावरून सापडली.

तर टेबल अंगणात, ताडपत्रीखाली. चार महिने झाले. शेजारच्या तुळजाबाईंच्या कोंबडीनं त्याच्याखाली बस्तान बसवलं होतं आणि ती रोज तिथं एक अंडं देत होती. तेवढा एकच जीव त्या टेबलाचा उपयोग करत होता. भाऊसाहेबांना ते बघवत नव्हतं. कचेरीतल्या त्यांच्या टेबलाला तीनच पाय होते, चौथ्याच्या जागी बाद झालेल्या फायलींचा गठ्ठा होता. आयुष्यात एकदा तरी त्यांना चार पायांच्या टेबलाशी, पंख्याखाली, दार लोटून बसायचं होतं. बसून काय करणार, असं श्रावस्तीनं पुण्याहून फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बसणार."

शेवटी एका सकाळी चहा पिताना त्यांनी जाहीर केलं, की आठ दिवसांत मागची खोली लावून, निम्मी रिकामी करून दाखवतो.

"निजामाच्या काळातले उर्दू कागद लावलेत मी," ते म्हणाले. "वाळवीसकट लावलेत. तुझ्या टिकल्या म्हणजे काय?"

पौर्णिमाबाई त्या वेळी सास्तूरला निघाल्या होत्या. भाचीचं लग्न होतं आणि रुखवत त्यांच्याकडं होतं. शिवपुत्रच्या टेम्पोत सामान चढत होतं.

"लावा की," त्या म्हणाल्या. "पण मालकाला विचारल्याशिवाय एक टिकली बाहेर जायला नको."

टेम्पो काठोकाठ भरून गेला. खोलीत काही फरक पडला नाही.

भाऊसाहेबांनी पहिल्या दिवशी सगळं सामान अंगणात काढलं आणि एक जाड वही आखली. अनुक्रमांक, वर्णन, नग, शेरा. दुपारपर्यंत चाळीस नोंदी झाल्या. मग रामलिंगच्या जंगलाकडून माकडं आली. भाऊसाहेब काठी घेऊन धावेपर्यंत एकानं फितीचं रीळ उचललं आणि ते उलगडत उलगडत कडुलिंबावर गेलं. भाऊसाहेबांनी घाम पुसला आणि नोंद केली. अनुक्रमांक ४१, सॅटिनची फीत, लाल, एक रीळ. शेरा : माकडाने नेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं चालेना. कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हेच कळेना. धुतलेल्या आइसक्रीमच्या काड्या कामाच्या का? अर्धा मोर कामाचा का? एका पिशवीत नुसती औषधाच्या बाटल्यांची बुचं होती, आणि त्या पिशवीला इतकी पक्की गाठ मारलेली, की ती मारणाऱ्याला बुचांची काळजी होती हे दिसत होतं.

कचेरीत असं काही ठरेनासं झालं, की एक हमखास उपाय होता. नोटीस काढायची. भाऊसाहेबांनी त्या रात्री अनेक महिन्यांनी आवडीनं लेखणी उचलली.

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, बनसोडे यांचे घर व अंगण येथील सर्व साहित्य निकाली काढून नष्ट करण्याचे योजिले आहे. त्यातील कोणत्याही वस्तूवर कोणाचा हक्क अथवा हरकत असल्यास पुराव्यासह सात दिवसांत लेखी कळवावे. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही."

'सर्व' या शब्दावर त्यांचं फार प्रेम होतं. तो घातला की काही राहून जात नाही. आणि मालकाला विचारायची अटही यात परस्पर पाळली जात होती. चौतीस वर्षांत त्यांनी अशा शेकडो नोटिसा भिंतीला डकवल्या होत्या, आणि एकीलाही कधी कुणाचं उत्तर आलं नव्हतं. सात दिवस मुकाट थांबायचं, की आठव्या दिवशी सगळं सरकारचं.

एक प्रत त्यांनी फाटकावर लावली, एक विहाराच्या फलकावर, आणि फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला.

अर्ध्या तासात सास्तूरहून फोन आला.

"अहो, ती नोटीस मागं घ्या."

"निघालेली नोटीस मागं घेता येत नाही."

पलीकडं कुणीतरी लांबून गोंदाचा डबा मागत होतं.

"बरं," पौर्णिमाबाई म्हणाल्या. "हरकत फोनवर लिहून पाठवली तर चालती का?"

"चालते. नावानिशी पाहिजे, पुरावा पाहिजे."

"आणि पोच?"

"प्रत्येकाला. सहीनिशी."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बायको इतक्या लवकर दोनदा 'बरं' म्हणाली, याचं भाऊसाहेबांना समाधान वाटलं. तीस वर्षांच्या संसारानंतर ते वाटायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी फाटक वाजलं. तुळजाबाई होत्या, आणि चप्पल न काढता थेट आत आल्या.

"भाऊसाहेब, माझा शालू नष्ट करायलात म्हणं?"

"कुठला शालू?"

"मला काय विचारता? तुमच्याच घरात हाय. कुंची शिवायला दिल्ता पौर्णिमाला. नातवाच्या बारशाला."

"कधीचं बारसं?"

"झालं की. नातू सहावीला हाय आता."

पुरावा म्हणून त्यांनी लग्नातला फोटो आणला होता. फोटोत नवरी म्हणजे जवळजवळ नुसता शालूच होता, त्यामुळं पुरावा नाकारता येईना. कोठीच्या तळातून शालू निघाला. हिरवा, घडीवर पिवळा पडलेला, आणि एका कोपऱ्यात टाचणीनं लावलेली चिठ्ठी : तुळजाबाई, कुंची, घाई आहे.

भाऊसाहेबांनी हरकत नोंदवली आणि हात आपोआप पोच लिहू लागला. "आपला अर्ज मिळाला. पंधरा दिवसांत निपटारा करण्यात येईल." खाली सही. हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा लिहिलं होतं, त्याची मोजदाद नव्हती. पोच देताना समोरचा कागद वाचायचा नसतो, हा धडा ते नव्यानं लागलेल्या कारकुनांना पहिल्याच दिवशी द्यायचे. वाचलं की विचार येतो, आणि विचार आला की रांग वाढते.

तुळजाबाईंनी मात्र कागद वाचला. सावकाश, बोट फिरवत. मग चप्पल बाहेर काढून आल्या आणि जोत्यावर बसल्या.

"पंधरा दिवसांत?"

"तसं लिहिलंय."

"मग धाकटीच्या लेकराला घावंल. वीस तारखेला बारसं हाय." त्यांनी पोच पदराच्या गाठीला बांधली. "तुमची सही हाय म्हणल्यावर बिनघोर."

ही बातमी गल्लीत कशी पसरली ते सांगायला नको. संध्याकाळपर्यंत गजराबाई आल्या. त्यांनी निळी लोकर दिली होती, लेकीच्या रुखवतात नवरा-नवरीच्या बाहुल्या ठेवायला. लेकीला दोन मुलं झाली होती, आणि खोलीत नवरदेव तयार होता, नवरी कमरेपर्यंत. शाळेतल्या राजनंदिनी बाई फुटक्या बांगड्यांची आठवण काढत आल्या, त्यातून आरशाची चौकट व्हायची होती. कुणाचे जरीचे काठ, कुणाच्या सासूची नऊवारी. ती बुचंसुद्धा कुणाच्या तरी नातीच्या विज्ञानाच्या प्रयोगासाठी ठेवलेली निघाली. काहींनी फोनवर लिहून पाठवलं. भाऊसाहेब एका हातानं फोन बघत होते, दुसऱ्या हातानं पोच लिहीत होते. कित्येक महिन्यांनी ते इतके आनंदात होते.

मुदत संपली तेव्हा हरकती भरल्या चोवीस. नष्ट करण्याजोगं म्हणून काही उरलं नाही.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की या सगळ्या बाया इतकी वर्षं गप्प का होत्या. कुणी विचारलं, की पौर्णिमाबाई म्हणायच्या, 'चालू आहे', आणि चहा टाकायच्या. चालू नाही, हे दोघींनाही माहीत असायचं. चहा मात्र चांगला असायचा. तारीख कधीच दिली नव्हती, म्हणून तारीख कधी चुकलीही नव्हती. त्या न दिलेल्या तारखेच्या आधारावर अर्ध्या गल्लीचं जाणं-येणं वीस वर्षं नीट चाललं होतं. आणि आता घराघरांत, भाऊसाहेबांच्या सहीची तारीख पदराला बांधलेली होती.

आठव्या दिवशी टेम्पो आला. पौर्णिमाबाई उतरल्या, अंगण बघितलं, कोंबडीला बाजूला सारून टेबलाच्या कडेला टेकल्या आणि वही मागितली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. माकडाच्या नोंदीपाशी जरा थांबल्या.

"ते पंधरा दिवसांचं मनावर घेऊ नको," भाऊसाहेब म्हणाले. "तशी लिहायची पद्धत असते."

"त्यांना कुठं पद्धत माहीत आहे? त्यांना सही दिसती." त्यांनी वही मिटली. "तुळजाबाईंच्या धाकट्या सुनेचं पहिलं लेकरू आहे. वीस तारीख म्हणजे अकरा दिवस. एकदा चुकलं ते चुकलं, दुसऱ्यांदा त्यांच्या दारात तोंड कसं दाखवू?"

भाऊसाहेबांना पहिल्यांदाच त्या वाक्याचा अर्थ कळला. निपटारा म्हणजे कुणीतरी, कुठंतरी बसून, ते काम करायचं असतं.

"टेबल आत घ्या," पौर्णिमाबाई म्हणाल्या.

"आत?"

"खोली रिकामीच आहे की आता. सामान सगळं अंगणात आहे."

भाऊसाहेबांनी बायकोला दुसऱ्यांदा विचार करायची संधी दिली नाही. त्यांनी आणि टेम्पोवाल्या शिवपुत्रनं मिळून टेबल उचललं, दारातून आडवं, मग उभं, मग पुन्हा आडवं करत आत नेलं आणि बरोबर पंख्याखाली ठेवलं. भाऊसाहेबांनी खुर्ची ओढली. बसले. हात टेबलावर पसरले. चारी पाय जमिनीला टेकत होते. पंखा फिरत होता. चार महिने ज्याची वाट पाहिली ते हेच, असं त्यांच्या मनात येतंय तोच पौर्णिमाबाईंनी टेबलावर शालू पसरला. शालूवर कात्री ठेवली. मग मण्यांच्या बरण्या, निळी लोकर, बांगड्यांचं पोतं.

"हे इथं कशाला?"

"मग कुठं कापू? मांडीवर?"

"अगं, पण टेबल माझं आहे."

पौर्णिमाबाईंनी वहीचं शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. हरकत क्रमांक चोवीस, फोनवरून आलेली, भाऊसाहेबांच्याच सुबक अक्षरात उतरवून घेतलेली. हरकतदार : पौर्णिमा प्र. बनसोडे, मुक्काम सास्तूर. वस्तू : अंगणातील सागवानी टेबल. पुरावा : तीस वर्षं कचेरीत दिलेला डबा. शेजारी शेरा होता, पोच दिली. पंधरा दिवसांत निपटारा करण्यात येईल. खाली सही.

भाऊसाहेबांनी सही नीट बघितली. त्यांचीच होती.

"मी हरकत घेतो," ते म्हणाले.

पौर्णिमाबाईंनी कात्रीच्या टोकानं खिडकीतून फाटकाकडं दाखवलं. तिथं नोटीस अजून डकवलेली होती. शेवटची ओळ इथून वाचता येत नव्हती, पण ती भाऊसाहेबांना पाठ होती.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी दहाला टेबलाशी हजर होऊ लागले. त्यांच्याकडं मणी ओवायचं काम होतं. चार दिवसांत त्यांनी मोराचा दुसरा अर्धा पुरा केला. मान थोडी कचेरीच्या शिपायासारखी वाकली, पण चालून गेलं. कुंची एकोणीस तारखेला संध्याकाळी झाली. तुळजाबाईंनी ती उलटीसुलटी करून बघितली, मग पदराची गाठ सोडून पोच भाऊसाहेबांच्या हातात परत दिली. चौतीस वर्षांत अशी पोच परत आल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ती कुठं नोंदवायची, हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ती खिशात ठेवली.

अंगणातलं सामान माकडांच्या भीतीनं पुन्हा खोलीत आलं. टेबलाखाली दोन पेट्या बसल्या, वर थर्माकोल. वहीत 'नष्ट केलेले साहित्य' या सदराखाली शेवटी एकच नोंद राहिली, लाल सॅटिनच्या फितीची. ती अजून कडुलिंबावर आहे.

मधल्या काळात कोंबडीही आली होती. टेबल कुठं गेलं याचा तिनं दोन दिवस शोध घेतला, तिसऱ्या दिवशी खोलीच्या दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल अशी तक्रार केली, आणि भाऊसाहेबांच्या पायांमधून वाट काढत दोन पेट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसली. भाऊसाहेबांनी पौर्णिमाबाईंकडं पाहिलं. त्यांनी सुईवरून नजर न काढता सांगितलं, की असू द्या, तिची जुनीच जागा आहे.

मुदतीनंतर येऊन मान्य झालेली ती एकमेव हरकत.